सासूबाईंच्या हातावरचे सहा आकडे

गोंदवून घेतल्यावर पुढचे पंधरा दिवस तो हात तान्ह्या मुलासारखा सांभाळावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. माझा स्वभावच आधी करून टाकायचं आणि मग घाबरायचं, असा आहे. त्या वर्षी कार्तिकात मी नवऱ्याला न विचारता माझ्या सासूबाईंच्या हातावर आमच्या घरचा टेलिफोन नंबर गोंदवून आणला, आणि मग जी घाबरले ती पंधरा दिवस घाबरलेलीच होते.

नव्वदीची पहिली वर्षं होती. यांची बँकेतली नोकरी, त्यामुळे आम्ही चार वर्षांपासून लखनौला. तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत तळमजल्यावर भाड्याचं घर होतं. मुलगी पुण्याला होस्टेलवर शिकत होती. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. यांच्यासारखंच मीही त्यांना आईच म्हणे. आई नगरकडच्या. चौथीपर्यंत शाळा, आणि हिंदीचा एक शब्द येत नाही. पण सुरुवातीला त्यांचं काही अडलं नाही. दारावरच्या भाजीवाल्याशी त्या मराठीत भांडत, तो हिंदीत भांडे, आणि शेवटी मूठभर कोथिंबीर फुकट घेऊनच त्या आत येत.

मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग आज जेवलो की नाही ते. पुढे मलाच विसरल्या. मी त्यांची थोरली बहीण झाले. "आक्का, अगं आक्का," अशा हाका मारायच्या. आक्का जाऊन तीस वर्षं झाली होती. मी पहिल्यांदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला, वैतागले, एकदोनदा ओरडलेसुद्धा. नंतर ओ द्यायला लागले.

भाद्रपदात एके दिवशी त्या घरातून निघून गेल्या. पाच तास सापडल्या नाहीत. शेवटी रेल्वेलायनीच्या कडेला एका पोलिसाला दिसल्या. त्याने घर कुठे म्हणून विचारलं असणार, तर आईंनी सांगितलं, "देवळामागं." त्यांचं माहेरचं घर खरंच देवळामागे होतं, फक्त ते नगर जिल्ह्यात होतं आणि पडूनही बरीच वर्षं झाली होती. पोलिसाला त्यातलं काहीच कळलं नाही. त्याने त्यांना चौकीत बसवून ठेवलं आणि योगायोगाने आम्ही त्याच चौकीत विचारायला गेलो. योगायोग झाला नसता तर? हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या पोटात बसला तो उठलाच नाही. आपलं माणूस या एवढ्या शहरात हरवलं, आणि त्याची भाषाच कुणाला कळत नसली, तर ते परत येणार कसं?

मी उपाय केले. पदराला पत्त्याची चिठ्ठी टाचली, ती त्यांनी काढून देवापुढे ठेवली. गळ्यात पत्ता कोरलेली पितळी चकती घातली, ती तुळशीच्या कुंडीत पुरलेली सापडली. दाराला वर कडी बसवली, तर स्टूल घेऊन त्या कडीपर्यंत पोचल्या, आणि त्या स्टुलावरून पडल्या असत्या तर या विचाराने मीच ती कडी काढून टाकली.

वरच्या मजल्यावर घरमालक राहत. त्यांच्या पत्नीला मी भाभीजी म्हणे. भाभीजी म्हणजे सगळ्या मोहल्ल्याची काळजी एकट्या वाहणारी बाई. मी रडकुंडीला येऊन जिन्यात बसले होते, तेव्हा त्या वरूनच म्हणाल्या, "अरे, तो गोदना करवा दीजिए न! हमारे यहाँ तो मेले में बूढ़ों की बाँह पर नाम-गाँव लिखवा देते हैं. खो जाएँ तो कोई भी पढ़ ले."

मला ते एकदम पटलं. चिठ्ठी काढता येते, चकती काढता येते, कातडी कशी काढणार? मी रात्रीच्या जेवणाला यांना सांगितलं. यांनी घास खाली ठेवला. "आईला काय गुरांसारखा डाग द्यायचा?" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. हे सहसा चिडत नाहीत, म्हणून मी गप्प बसले. पण विचार काही गप्प बसला नाही.

पुढच्याच आठवड्यात बँकेच्या इन्स्पेक्शनसाठी यांना बहराइचकडच्या शाखांवर पंधरा दिवसांसाठी जायचं होतं. मी हिशेब केला, हे येईपर्यंत हात बरा होईल आणि झालेल्या गोष्टीवर माणूस किती भांडणार. यांची जीप कोपऱ्यावरून वळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईंना रिक्षात घालून डालीगंजच्या बाजूला कार्तिकाची जत्रा भरते तिथे घेऊन गेले.

गोंदणारा एका छत्रीखाली बसला होता. पुढ्यात बॅटरीवर चालणारं मशीन आणि पुठ्ठ्यावर मोर, हनुमान, बदाम, विंचू. सगळ्यांना तीच सुई. त्या वर्षी टीव्हीवर एड्सच्या जाहिरातींतून सुयांबद्दल फार भीती घालत होते. मी म्हटलं, सुई उकळल्याशिवाय हात लावू देणार नाही. तो म्हणाला, "बहनजी, डेटॉल है." मी म्हटलं, उकळायचीच. शेजारच्या चहावाल्याच्या पातेल्यात मी ती सुई दहा मिनिटं उकळायला लावली. चहावाला माझ्याकडे बघत राहिला. "अब इसमें चाय कौन पिएगा?" त्याचं अगदी बरोबर होतं. मी त्याला त्या पातेल्याची भरपाई दिली आणि वर त्याची बोलणीही खाल्ली.

मला वाटलं होतं आई घाबरतील, हात ओढून घेतील. मग मी आपोआप थांबले असते. पण मशीनचा आवाज सुरू झाल्यावर त्या जवळ सरकल्या आणि कित्येक महिन्यांत दिसली नव्हती अशी समज त्यांच्या डोळ्यांत दिसली. उजव्या हाताची बाही वर करून त्यांनी त्याला आपलं जुनं गोंदण दाखवलं. हिरवट पडलेली तुळस, आणि तिच्याखाली त्यांच्या भावाचं नाव. सात-आठ वर्षांच्या असताना आक्काने जत्रेत नेऊन गोंदवलेलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला. "ह्या हातावर घे रे. तो भरलाय."

सहा आकडे, मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, इंग्रजीत. मी कागदावर मोठे लिहून नेले होते आणि प्रत्येक आकड्याला त्याला थांबवून तपासत होते. शेवटचा आकडा तीन होता. आईंनी हूं की चूं केलं नाही. डोळ्यांतून पाणी माझ्याच येत होतं.

आम्ही निघताना गोंदणारा म्हणाला, "नारियल का तेल लगा देना, बस." बस म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजला. आकडे फुगून वर आले आणि भोवती लालसर झालं. मला तेव्हा आठवलं, तोपर्यंत खरंच आठवलं नव्हतं, की आईंना साखर आहे. साखरेच्या माणसाच्या जखमा भरत नाहीत, हे मला काय कुणी नव्याने सांगायला हवं होतं? पायाला साधी ठेच लागली तरी मीच महिनाभर पट्ट्या बांधायची. मी त्यांना जवळच्याच कपूरथळा चौकातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"शुगर की पेशंट को गोदना? आप तो पढ़ी-लिखी लगती हैं."

मी बी.एस्सी. आहे, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

त्यांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि बजावलं की पाणी लागू द्यायचं नाही, खाजवू द्यायचं नाही, आणि पू दिसला तर त्याच क्षणी यायचं. "हाथ का मामला है," असं म्हणाले. त्या चार शब्दांनी मला पुढे कितीतरी दिवस झोपू दिलं नाही. हात पिकला, कापावा लागला, आणि हे बहराइचहून येऊन विचारतायत, आईचा हात कुठे आहे, असं मला दिवसाढवळ्या दिसायचं.

गंमत म्हणजे, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही, त्या घरात गोंदणाची निगा कशी राखायची हे एकट्या आईंनाच ठाऊक होतं. त्यांना कालचं आठवत नव्हतं, पण साठ वर्षांपूर्वीचे ते पंधरा दिवस सगळे आठवत होते. मी सूज बघून कपाळाला हात लावला तर म्हणाल्या, "अगं आक्का, फुगतंच ते. तूच म्हणली होतीस ना?" मी आंघोळीचं पाणी काढलं तर स्वतःहून डावा हात वर धरून बसल्या, बादलीभर पाणी संपेपर्यंत तसाच वर. डॉक्टरांचं मलम लावल्यावर नाक मुरडून म्हणाल्या, "हळद कुठंय?" मी डॉक्टरांना चोरून कडेकडेने हळद आणि खोबरेल लावायला लागले. बरं कशाने वाटलं कोण जाणे, पण चौथ्या दिवशी लाली उतरली. मी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच उचलली, कारण आई ती खातील.

पाचव्या दिवशी खपल्या धरल्या आणि खाज सुटली. आता सगळी विद्या संपली. खाज आली की त्यांना काही आठवत नसे, नखं आपोआप तिकडे जात. मी नखं कापली. त्यांनी हात भिंतीवर घासला. थंडी सुरू झाली होती, स्वेटरची बाही घातली की लोकर टोचून जास्तच खाज. मी रागावले की त्या दोन मिनिटं थांबत आणि मग माझ्याकडे बघून निरागसपणे विचारत, "हे काय गं हातावर? नाव कुणाचं?"

"नाव नाही, आई. नंबर आहे. आपल्या घरच्या फोनचा. हरवलात तर हा हात दाखवायचा. कळलं?"

"कळलं." आणि अर्ध्या तासाने पुन्हा, "हे नाव कुणाचं?"

दिवसातून वीस वेळा. गोंदून लिहितात ते नावच असतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि मी वीसही वेळा तेच उत्तर दिलं, विसाव्या वेळी दात ओठ खाऊन.

खाजेवरचा उपाय शेवटी त्यांनीच सांगितला. सहाव्या दिवशी मी त्यांचा हात धरून ठेवला होता, त्या सोडवायला बघत होत्या, आणि मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. तर म्हणाल्या, "खाजवायचं नाही ना? मग थोपट की. तू थोपटायचीस." मी थोपटायला लागले. खपल्यांवर तळव्याने हलकं, एकसारखं. दोन मिनिटांत त्यांचे डोळे मिटले. त्यानंतर माझं तेच काम झालं. दुपारभर थोपट, संध्याकाळी थोपट, मधेच जाग आली की थोपट.

तरी सातव्या दिवशी व्हायचं ते झालंच. मी कुकर उतरवायला गेले तेवढ्यात त्यांनी शेवटच्या तिनावरची खपली उपटली. रक्त आलं. धुऊन पाहिलं तर तिनाची डावी बाजू सगळी लाल आणि ओली. तिथे पुन्हा जाड खपली धरली आणि तो तीन आहे की आठ हे मलाही कळेना. खपलीबरोबर शाई गेली असेल तर? पाच आकडे असलेला नंबर म्हणजे कुणाचाच नंबर नाही. मी भिंगातून पाहत बसायची. शेवटी त्यांच्याच जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात गुंडाळून टाकला. गाठ अशी मारली की ती त्यांना एका हाताने सुटू नये. वर स्वेटरची बाही ओढली. त्या दिवशी मला पहिल्यांदा जरा हुशारी केल्यासारखं वाटलं.

नवव्या दिवशी दुपारी मी त्यांच्याशेजारी आडवी होऊन थोपटत होते. आठ दिवसांची झोप साठलेली. थोपटता थोपटता मलाच डोळा लागला. जाग आली तेव्हा माझा हात उशी थोपटत होता.

पलंग रिकामा, दार उघडं, चपला जागेवर. म्हणजे त्या अनवाणी गेल्या होत्या. मी गल्लीच्या दोन्ही टोकांना पळाले. नाहीत. भाभीजींना हाक मारली तर त्या मटार सोलत होत्या, ते तसेच टाकून खाली आल्या. त्यांचे यजमान स्कूटर काढायला लागले. मीही चप्पल घातली, तशी भाभीजी मला ढकलत म्हणाल्या, "आप कहाँ जा रही हैं? फोन कौन उठाएगा? नंबर तो यहीं का लिखवाया है न!"

खरंच की. हातावर नंबर होता तो या खोलीतल्या या फोनचा. मी घराबाहेर पडले तर तो वाजून वाजून बंद पडेल. मी स्वतःला त्या फोनला बांधून घेतलं होतं. ते दोघं स्कूटरवर गेले आणि मी हॉलमध्ये फोनसमोर स्टुलावर बसले, ज्या स्टुलावर चढून आई कडी काढायच्या त्याच.

बसल्या बसल्या मी त्यांना मनातल्या मनात चालवत होते. आता कोपऱ्यावर असतील. कुणीतरी विचारेल, अम्मा, कहाँ जाना है. त्या म्हणतील, देवळामागं. त्याला कळणार नाही. मग त्याचं लक्ष हाताकडे जाईल. हाताकडे, आणि तो आकडे बघेल, आणि...

पट्टी.

मी उठून उभी राहिले आणि पुन्हा बसले. आकडे कसे बघणार? लुगड्याची तीन वेढ्यांची पट्टी, वर गाठ, गाठीवर स्वेटर. कातडीवर लिहिलेलं कुणी काढू शकत नाही म्हणून मी एवढा उपद्व्याप केला, त्या म्हातारीला सुई टोचवली, तिचा हात पणाला लावला, आणि मग ते लिहिलेलं मीच माझ्या हातांनी झाकून टाकलं होतं. जपायच्या नादात. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि मी मारून घेतलंही. कुणी बघत नव्हतं.

सव्वापाचला फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"मी बोलतोय," हे होते, बहराइचच्या एसटीडी बूथवरून. "सगळं ठीक?"

"ठीक."

"आई काय करतेय?"

"झोपल्यात," मी म्हटलं. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. "तुम्ही आता ठेवा. माझं दूध उतू जातंय."

"अगं, आत्ताच तर लावलाय फोन."

"ठेवा म्हणते ना!" मी ओरडले आणि मीच ठेवला. लाइन मोकळी राहायला हवी होती. मग रिसीव्हर नीट बसलाय की नाही हे चारदा बघितलं, उचलून टोन ऐकला, आणि नेमका तेवढ्यातच कुणी लावला असेल तर या भीतीने पटकन खाली ठेवला.

अंधार पडायला लागला. दिवा लावायला उठायचंसुद्धा धाडस होईना. गार रस्त्यावर अनवाणी चालणारी त्यांची पावलं मला दिसत होती.

साडेसहाला पुन्हा वाजला. अनोळखी, सावकाश, अदबशीर आवाज. "माफ कीजिएगा, आपके यहाँ से कोई बुज़ुर्ग ख़ातून..."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी फक्त "कहाँ? कहाँ?" एवढंच ओरडत होते. निशातगंजचा एक दवाखाना. बोलणारे तिथले कंपाउंडर.

भाभीजींचे यजमान तेवढ्यात पेट्रोल भरून पुन्हा निघायच्या तयारीत परत आले होते. त्यांच्यामागे बसून मी गेले. दवाखान्याच्या बाकावर आई बसल्या होत्या. अंगावर कुणाची तरी शाल, पायांवर चादर, हातात चहाचा ग्लास. डावा हात उघडा, त्यावर स्वच्छ जाळीदार नवी पट्टी, आणि पट्टीच्या जाळीतून आकडे दिसत होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि पाय चोळायला लागले.

कंपाउंडर साठीचे, पांढरी दाढी, फार सौम्य माणूस. त्यांनी सांगितलं ते असं. चौकातल्या एका भाजीवाल्याला आई दिसल्या. बाहीखालून पट्टीचं टोक लोंबत होतं, हळदीने आणि तेलाने पिवळं झालेलं. त्याला वाटलं जखम चिघळलीय, म्हातारी पट्टी बदलायला निघाली असेल आणि रस्ता चुकली असेल. म्हणून त्याने धरून दवाखान्यात आणून बसवलं. कंपाउंडरांनी पट्टी उघडली तर आत नंबर.

"आख़िरी अंक समझ में नहीं आ रहा था," ते म्हणाले. "पहले आठ मिलाया. किसी ने डाँट दिया. फिर सोचा, तीन मिलाकर देखते हैं."

आकडे झाकणारी पट्टीच त्यांना तिथवर घेऊन आली होती. मी हे समजून घेत होते आणि मला समजत नव्हतं की मी शहाणी ठरले की मूर्ख. अजूनही समजलेलं नाही. मी म्हटलं, आईंनी काही सांगितलं का?

"ज़बान तो हम समझ नहीं पाए. बस, बार-बार यही हाथ आगे कर रही थीं."

खाज सुटली म्हणून केला असेल का हात पुढे? की मी दिवसातून वीस वेळा सांगितलेलं कुठेतरी, एकदा तरी, आत उतरलं होतं? मी आईंकडे पाहिलं. त्या चहा पीत होत्या. मी ग्लासातला एक घोट घेऊन बघितला, तर चार चमचे साखर. ओढून घेतला तर त्या रागावल्या.

त्यानंतर मी पट्टी बांधली नाही. उरलेले दिवस सगळे तळहाताने काढले. खपल्या एकेक करून सुटल्या, तिनाची सर्वांत शेवटी. खाली तीन होता. जरा फिकट, एका बाजूला पुसट, पण तीन.

पंधराव्या दिवशी, रविवारी, हे परत आले. मी दारातच सगळं सांगून टाकलं, गोंदण, साखर, डॉक्टर, हरवणं, फोनवरचं खोटं, सगळं. हे बॅग हातात घेऊन ऐकत होते. मी भांडायची तयारी ठेवली होती, पण हे भांडले नाहीत. आईंची बाही वर करून हात बघितला आणि म्हणाले, "आणि बदली झाली म्हणजे?"

वीस वर्षं बँकेच्या माणसाशी संसार केलेला, सहा गावं बदललेली, आणि सासूच्या कातडीवर कायमचा नंबर लिहिताना मला एकदाही आठवलं नव्हतं की आमचा कुठलाच नंबर कायमचा नसतो. पुढल्या वर्षी यांच्या प्रमोशनचं पत्र आलं. प्रमोशन म्हणजे दुसरं गाव. यांनी घरगुती अडचण म्हणून नको लिहून दिलं. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच केलं. बरोबरचे लोक पुढे गेले, हे महानगरच्याच शाखेत राहिले, आणि आई असेपर्यंत आमच्या फोनचा शेवटचा आकडा तीनच राहिला. अडचण नेमकी काय, हे यांनी बँकेत कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही दोघांनीही घरात कधी बोलून दाखवलं नाही.

पण ते पुढचं. त्या रविवारी हळद लावायची वेळ झाली तेव्हा हे म्हणाले, "दे, मी लावतो." वाटी घेऊन आईंच्या पुढ्यात बसले आणि बोटाने एकेका आकड्यावरून तेल फिरवायला लागले. आईंनी त्यांना ओळखलं नव्हतं, पण हात दिला. बघता बघता त्यांनी नेहमीचं विचारलं, "हे नाव कुणाचं हो?"

यांनी वर माझ्याकडे पाहिलं. नाव नाही, नंबर आहे, आपल्या घरच्या फोनचा, हरवलात तर, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मग त्या संध्याकाळचं स्टूल आठवलं, समोरचा तो न वाजणारा फोन, आणि त्या नंबरच्या टोकाला बसलेली मी.

"माझं आहे, आई," मी म्हटलं.

आईंनी हात डोळ्यांजवळ नेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तिनापर्यंत, बोट फिरवून बघितलं.

"मोठं आहे गं तुझं नाव," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हात थोपटायला लागल्या.